चवीपुरतं मीठ

पोखरभिंडा, जि. मधुबनी
ज्येष्ठ कृष्ण पंचमी (आपल्याकडे महिना कृष्ण पक्षानं सुरू होतो)

चि. बुच्ची,

अनेक आशीर्वाद. तुला पाय धुवायला पाठवलं त्याला महिना होत आला. आपलं तळं अंगणापासून हाकेच्या अंतरावर आहे, हे मी काल संध्याकाळी पुन्हा चालून पाहिलं. तिथेच आहे. तू मात्र पाटण्याला निघून गेलीस. इतक्या लांब जाऊन पाय धुतल्याचं आपल्या घराण्यात दुसरं उदाहरण नाही.

नियम माझा नव्हे, तुझ्या वडिलांचा. ओसरीवर वाद चालू असताना ज्याचा आवाज चढेल किंवा डोळे भरतील त्यानं उठायचं, तळ्यावर पाय धुवायचे, आणि थंड होऊन परत येऊन बोलायचं. भैयांनी काशीच्या पंडितांनाही पाठवलं होतं. मला तर आठवड्यातून दोनदा पाठवत. पण ‘पाय धुऊन ये’ याचा अर्थ ‘बस पकड’ असा आजवर कोणी लावला नव्हता. वकिलांना पाठवायचं म्हणजे शब्द जपून वापरायला हवेत.

तू विचारलंस, ‘माय सगळ्यांसाठी मासा रांधते, मग स्वतः का खात नाही?’ प्रश्न उत्तम. नवरा गेला की बाईनं मासा सोडायचा हा आपल्याकडचा रिवाज, आणि रिवाजाला प्रश्न विचारू नये असं आपल्या ओसरीवर कोणी कधी म्हटलेलं नाही. पण पुढची वाक्यं तू रडत बोललीस. रडण्याला उत्तर काय द्यावं हे आमच्या न्यायशास्त्रात दिलेलं नाही. सोळा पदार्थ, म्हणजे विचाराचे विषय, सांगितले आहेत, त्यात हुंदका नाही. म्हणून मी नियम सांगितला. भैया असते तर त्यांनीही सांगितला असता.

तेव्हा माझी सूचना अशी. आपण हा वाद पत्रांतून करू. पत्रात आवाज चढत नाही, आणि कागद ओला झालाच तर तो वाळवून मग टपालात टाकता येतो. आपण करायचा तो ‘वाद’, सत्य शोधण्यासाठी बोलतात तो. ‘जल्प’ नव्हे, जो जिंकण्यासाठी बोलतात. तुमच्या कोर्टात वादाला ‘वाद’ म्हणतात आणि जल्प करतात, असं मी ऐकून आहे.

घरी सर्व ठीक. भैया माघात गेल्यापासून ओसरी मोकळीच असते. विद्यार्थी येतात, पण दबकून बसतात. माझ्या बहिणीचे, म्हणजे तुझ्या पीसीचे, गुडघे पावसाची वाट पाहत दुखताहेत. तुझी काकी खुशाल आहे. मालदह आंबा यंदा बरा आहे, पेटी पाठवतो. फक्त भौजींचा, तुझ्या मायचा, हात हल्ली बिघडला आहे. परवाची रोहू इतकी आळणी की मी दोनदा मीठ मागून घेतलं, आणि त्याआधीची अशी खारट की समुद्रातून पोहत आली असावी. शोकानं होतं असं.

तुझा
मोदनाथ कक्का


पाटणा
२ जून

ती. कक्का,

साष्टांग प्रणाम. पत्र मिळालं, आंबेही मिळाले. आंब्यांना भावना असत्या तर तुम्ही त्यांनाही तळ्यावर पाठवलं असतं, म्हणून नाहीत तेच बरं.

पत्रांतून वाद करायला मी तयार आहे. तसाही फोनवर उपयोग नाही. अडचणीचा प्रश्न आला की तुम्हाला नेमकं ऐकू येईनासं होतं.

घ्या, तुमच्या पद्धतीनं, पाच पायऱ्या. प्रतिज्ञा: मायनं मासा खावा. हेतू: कारण तिला तो आवडतो आणि तिच्या खाण्यानं कोणाचं काही बिघडत नाही. उदाहरण: तुम्ही. बाबूजी गेल्यावर तेराव्याला सुतक फिटलं, पंगत बसली, आणि तुम्ही मासा खाल्लात. तुमचा तर सख्खा भाऊ गेला होता. उपनय: मायही तशीच, तिचंही माणूस गेलं, तिचंही सुतक फिटलं. निगमन: म्हणून तिनंही खावा. झालं. डोळे कोरडे आहेत, हवं तर शपथपत्र करून देते.

आता एक वादाबाहेरचं. मागच्या आठवड्यात माझ्या समोरच्या वकिलांनी टेबलावर अशी मूठ आपटली की शाईची दौत कलंडली. न्यायाधीश म्हणाले, “जोरदार युक्तिवाद.” मग मी बोलायला उठले. माझी अशील बाई विस्तवानं भाजलेली होती, तिचा हात दाखवताना माझा आवाज जरासा कापला. लगेच, “बाईसाहेब, भावनेच्या आहारी जाऊ नका.” कक्का, राग ही भावना नव्हे का? टेबल आपटणं युक्तिवाद आणि आवाज कापणं भावना, हे कुठल्या सूत्रात आहे? आपल्या ओसरीवर त्या दिवशी तुम्ही मांडी थोपटून हसत होतात. हसणाऱ्याला तळ्यावर पाठवल्याचं मला तरी आठवत नाही.

मायला माझा फोन आला की ती ‘बरी आहे’ म्हणते आणि पीसीकडे देते. तिला सांगा मी रागावलेली नाही. तुमच्यावर थोडी आहे.

तुमची
बुच्ची


पोखरभिंडा
ज्येष्ठ शुक्ल दशमी

चि. बुच्ची,

आशीर्वाद. तुझं मूठ-आपटणं मी भैयांच्या तसबिरीसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. हसणाऱ्याला तळ्यावर का पाठवत नाहीत याचं उत्तर मला देता आलं नाही. त्यांनाही आलं नसावं, कारण तेही गप्पच राहिले.

आता वाद. आधी तुला एक मोकळेपणानं देऊन टाकतो. धर्मशास्त्राचे ग्रंथ मी चार दिवस चाळले. आधार दोन्ही बाजूंनी सापडतो, म्हणजे कोणाच्याच उपयोगाचा नाही. तेव्हा शास्त्र बाजूला राहू दे.

पण तुझं उदाहरण लंगडं आहे. मी भाऊ आहे, पत्नी नव्हे. दुःख सारखं म्हणून नातं सारखं होत नाही. आणि तुझ्या हेतूत तर मोठं भोक आहे. ‘तिला आवडतो’ हे तुला कसं कळलं? आवडत होता हे खरं. आजही आवडतो याला प्रमाण काय? भौजींना कोणी मना केलेलं नाही. भैयांना चितेवर ठेवून आम्ही परतलो तेव्हा त्यांनीच काकीला सांगितलं, माझं आता पीसीच्या चुलीवर होईल. मासा रांधतात, मग न्हातात, आणि पीसीबरोबर वेगळं जेवतात. या पाच महिन्यांत एकदाही त्यांनी मागितलेला नाही. जी वस्तू एखाद्यानं आपण होऊन सोडली ती त्याच्या तोंडात घालणं हीसुद्धा जबरदस्तीच, नाही का?

तू लेक आहेस. तुला आईचं ताट रिकामं दिसतं आणि गलबलतं. त्या गलबलण्याचा मला आदर आहे, पण ते तुझं आहे, तिचं नव्हे. तू आपलं दुःख आईच्या ताटात वाढून पाहते आहेस, असं मला वाटतं. हे जरा कठोर वाटलं तर आंबे खा.

काल पुन्हा रोहू होती. पुन्हा खारट. काकी म्हणते, “छान झालंय.” काकीला सगळंच छान लागतं. तशी नसती तर तिनं माझ्याशी लग्न केलं नसतं.

तुझा
कक्का


पाटणा
२५ जून

ती. कक्का,

तुमचं पत्र कठोर नव्हतं. बरोबर होतं, म्हणून लागलं. मी माझंच दुःख मायच्या ताटात पाहते आहे का, याचा मी आठवडाभर विचार केला. थोडं आहे तसं.

पण आता मी नियम मोडणार आहे. हे पत्र मी डोळे कोरडे ठेवून लिहीत नाहीये. मी त्या दिवशी ओसरीवर का रडले ते तुम्ही विचारलंच नाहीत. ‘पाय धुऊन ये’ म्हणालात, आणि कारण माझ्याबरोबर तळ्यावर गेलं. म्हणून आता लिहिते.

मी स्वयंपाकघरात होते. माय रोहू रांधत होती. वाटलेली मोहरी घातली, रस उकळला, आणि तिनं नेहमीसारखी पळी उचलली. तुम्ही स्वयंपाकघरात येत नाही, तुम्हाला माहीत नसेल. माय पळीतला थेंब डाव्या तळहातावर घेते आणि चाटून मीठ बघते. लहानपणापासून पाहते आहे मी. त्या दिवशीही तिनं थेंब तळहातावर घेतला. हात तोंडाजवळ गेला आणि तिथेच थांबला. मग तिनं तो हात पदराला पुसला, आणि हाक मारली, “काकी, जरा मीठ बघता का हो?” काकी आली, चाखली, म्हणाली, “छान झालंय.”

कक्का, तिचा हात बिघडलेला नाही. ती न चाखता रांधते आहे.

तुम्ही धूर पाहून डोंगरावरचा अग्नी सांगता. पाच महिने तुमच्या ताटात धूर होता. तुम्ही मीठ मागून घेतलंत.

आता सांगा, मी रडले ते पुराव्यात धरायचं की नाही? मी तळहात पुसताना पाहिला म्हणून रडले. रडले नसते तर तो तळहात मलाही दिसला नसता, मीही ‘आज खारट झालंय’ म्हणून पुढे गेले असते. तुमच्या सोळांत हुंदका नाही हे मान्य. पण माझ्यापुरता तोच डोळा होता.

बुच्ची


पोखरभिंडा
श्रावण कृष्ण द्वितीया

चि. बुच्ची,

आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. कमला नदीला पूर आला होता, टपाल बंद होतं, असं मी लिहिणार होतो. पूर आला होता हे खरं आहे. टपाल चालू होतं.

तुझं पत्र वाचून मी जे केलं ते ऐकून तू कपाळाला हात लावशील. मला वाटलं, प्रश्न साधा आहे. ज्यांच्याबद्दल वाद आहे त्यांनाच विचारावं. म्हणून दुपारी जेवायला बसलो असताना, काकी वाढते आहे, पीसी पलीकडे आपल्या पाटावर बसलेली, अशा वेळी मी घसा साफ करून म्हणालो, “भौजी, मत्स्यभक्षणाविषयी आपली स्वतःची इच्छा काय आहे?”

भौजी म्हणाल्या, “बौआ, भात घ्या.”

मी म्हणालो, “संकोच नको. आपण जे म्हणाल ते आम्ही सगळे मान्य करू.”

पीसीनं पाणी पिता पिता भांडं खाली ठेवलं. भौजी उठल्या, आत गेल्या. दुसऱ्या दिवशी कोळी दारात आला तर त्यांनी सांगितलं, “आता नको आणत जाऊ. या घरात कोणी खात नाही.” त्या दिवसापासून मासा घरात आलेला नाही. काकी माझ्याशी बोलते, पण दुधी वाढतानाच बोलते. सतरा दुधी झाले असतील. मला धाकटा दीर म्हणून लाडानं ‘बौआ’ म्हणणारी जगात एकच बाई उरली आहे, आणि तीही आता नुसतं “जेवायला चला” म्हणते.

मग मी तळ्यावर गेलो. कोणी पाठवलं नव्हतं. भैया ज्या दगडावर बसत तिथे बसलो, पाय पाण्यात सोडले. पाणी पुराचं, गढूळ. थंड होऊन परत यावं असा नियम आहे. मी थंड झालो नाही. उलट बसल्या बसल्या एक गोष्ट लक्षात आली, ती तुला सांगतो, कारण वादात एक बाजू लपवून ठेवणं हे हरण्यापेक्षा वाईट.

मी जे मुद्दे लिहिले, आपण होऊन सोडलं, कोणी मना केलं नाही, ते सगळे नीट होते. पण मी त्यांच्यासाठी भांडत नव्हतो. पीसी एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन या घरी परत आली, तेव्हा मी शाळेत जात होतो. तिलाही मासा आवडायचा. तेव्हापासून तिनं तोंडात घातलेला नाही. चाळीस वर्षं होऊन गेली. आज मी भौजींना म्हणावं, खा, काही बिघडत नाही, तर पीसी मला विचारणार नाही का, ‘मोदू, मग माझं काय बिघडत होतं?’ या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नाही. ते द्यावं लागू नये म्हणून मी तुझ्या हेतूत भोकं शोधत बसलो.

म्हणजे तुझ्या डोळ्यांतलं पाणी तेवढं भावना, आणि माझी ही भीती मात्र तर्क, असं मी धरून चाललो होतो. तुझ्या न्यायाधीशांना माझा नमस्कार सांग.

कक्का


पाटणा
२ ऑगस्ट

माझे लाडके कक्का,

भर पंगतीत विचारलंत! “मत्स्यभक्षणाविषयी!” माझ्या खोलीशेजारच्या बाई विचारायला आल्या, हसतेस की रडतेस म्हणून. मी म्हटलं, ठरत नाहीये.

पीसीचं वाचून मात्र बसूनच राहिले. मला ती आठवलीच नव्हती. मी तिला समोरच्या बाजूची समजत होते. रिवाज म्हणजे पीसी, आणि मी रिवाजाशी लढते आहे. त्या घरात मासा न खाणाऱ्या दोघी होत्या आणि मला एकच दिसली.

आणि एक आठवलं. लहानपणी माझ्या माशातले काटे कोण काढायचं? माय तर रांधण्यात असायची. पीसी काढायची. स्वतःचं जेवण आटोपून, हात धुऊन, पुन्हा बसायची माझ्याशेजारी. रोहूचे बारीक काटे बोटांनी चाचपून काढून घास माझ्या तोंडात घालायची. एक काटा कधी राहिला नाही. मग घाटावर जाऊन न्हायची. मला वाटायचं पीसीला न्हायला आवडतं.

मी वाद मागे घेते. हरले म्हणून नव्हे. ‘मायनं खावा’ ही प्रतिज्ञाच चुकीची होती, ती मी मायच्या नावानं केली होती. मला फक्त तिच्या तोंडून ऐकायचं आहे. पंगतीत नको. तिला म्हणावं, तूच लिही. ती म्हणेल अक्षर चांगलं नाही. मग तुम्ही लिहून घ्या, आणि कक्का, तुमच्या पाया पडते, मध्ये काही सुधारू नका.

बुच्ची


पोखरभिंडा
भाद्र शुक्ल पंचमी

बुच्ची, मी माय बोलते आहे. लिहितात तुझे कक्का. यांना सांगितलंय, बोलते तसंच लिहा, संस्कृत घालू नका. (घातलेलं नाही. मो.)

तुम्ही दोघं उन्हाळ्यापासून माझ्यावर पत्रं लिहिताय म्हणे. मी म्हटलं मला वाचून दाखवा. वाचली. अर्धी समजली. त्या पाच पायऱ्यांत मी कुठल्या पायरीवर बसले होते ते काही कळलं नाही. (पक्षस्थानी, म्हणजे जिच्याविषयी वाद आहे तिच्या जागी. मो.) ते लिहू नका, बौआ.

तू म्हणतेस माझा मासा हिसकावला. कक्का म्हणतात मी सोडला. दोन्ही खरं आहे. तुझे बाबूजी गेले त्या दिवशी कोणी पुढे केला असता तर मी ताट भिरकावलं असतं. मला नकोच होता. आणि आषाढात एकदा रोहू आली, पोटात अंडी होती, ती तळली तर घरभर वास, तेव्हा इतकी आठवण झाली की मी भरल्या घरातून उठून तुळशीला पाणी घालायला गेले. सकाळीच घातलं होतं. नको असणं माझं, आणि हवं असणंही माझंच. तुम्ही एक उचलून म्हणता हे खरं, दुसरं खोटं. मग मी गप्प बसते.

इच्छा काय म्हणून पंगतीत विचारतात का? पीसी समोर. हो म्हटलं तर तिच्या एवढ्या वर्षांवर पाय देऊन जायचं. नाही म्हटलं तर माझ्या लेकीच्या रडण्यावर. म्हणून मासाच बंद केला. काकीला वाईट वाटलं, तिला सांगितलंय मी.

एवढंच सांगते, खाण्याचं मला अजून माहीत नाही. कधी वाटेल, कधी नाही वाटणार. पण न चाखता रांधणं मला जमत नाही ग. डोळे बांधून पोराला न्हाऊ घालावं तसं वाटतं.

तू ओसरीवर रडलीस त्या दिवशी मी दाराआड होते. मला बरं वाटलं. वाटलं, कोणाला तरी दिसलं. मग यांनी तुला तळ्यावर पाठवलं.

(येथे भौजी उठून तुळशीला पाणी घालून आल्या. मो.)

जितियाला ये. उपास लेकरांसाठी असतो आणि लेकरू पाटण्याला बसून, हे बरं दिसत नाही. पाय धुतलेले असोत नसोत.

तुझी माय

(सुधारलेलं काही नाही. दोन ठिकाणी सुधारण्याजोगं वाटलं होतं, मग वाटेनासं झालं. मो.)


पाटणा
१० सप्टेंबर

ती. कक्का,

मायचं पत्र उशीखाली ठेवलंय.

जितियाला येता येत नाही. त्या भाजलेल्या बाईच्या खटल्याची तारीख नेमकी तेव्हाच लागली आहे, आणि ती सोडून मी उपासाला आले तर मायच मला परत पाठवेल. दुर्गापूजेला कोर्ट बंद होईल, पहिल्या दिवशीच निघते.

मायला सांगा, तुझ्या पत्रापुढे माझ्यापाशी मुद्दा नाही. प्रेम आहे, ते तू पुराव्यात धरतेस हे माहीत आहे.

पीसीला एक विचाराल? पंगतीत नव्हे. एकटी असेल तेव्हा. माझ्या माशातले काटे काढताना तिला काय वाटायचं? मी कधी विचारलं नाही.

बुच्ची

ता.क. त्या दिवशी कोर्टात माझा आवाज कापला तर कापू देणार आहे. हात तर दाखवायलाच हवा.


पोखरभिंडा
आश्विन कृष्ण अष्टमी

चि. बुच्ची,

अनेक आशीर्वाद. घरातल्या तिन्ही बायका आज निर्जळ आहेत, त्यामुळे मी घरात जपून वावरतो आहे आणि तुला पत्र लिहिण्यासारखं सुरक्षित काम हाती घेतलं आहे.

तुझा प्रश्न मी पीसीला पत्र आलं त्याच दिवशी विचारला. ती घाटावर एकटी बसून गुडघ्याला तेल लावत होती. मी वाचून दाखवलं. तिनं ऐकलं, तेलाची वाटी झाकली, आणि म्हणाली, “वारं सुटलंय, चल घरी.” मला वाटलं, पुन्हा चुकलो. प्रश्न विचारण्यात मी काही नाव काढणार नाही, अशी खात्रीच झाली.

काल जितियाची पूर्वसंध्या. लेकुरवाळ्या सवाष्णींनी मासा आणि नाचणीची भाकरी खायची, मग दुसऱ्या दिवशी उपास. काकीला तर खायलाच हवा होता. भौजींनी स्वतःच कोळ्याला बोलावलं. दोन महिन्यांनी घरात मोहरी वाटल्याचा वास सुटला. मी स्वयंपाकघरात जात नाही हे तू लिहिलं होतंस, ते मनाला लागलं होतं, म्हणून उंबऱ्यावर जाऊन बसलो. पीसी कोपऱ्यात विळीवर आपल्यापुरतं पडवळ चिरत होती. काकी न्हायला गेली होती.

रस उकळला. भौजींनी पळी उचलली. थेंब तळहातावर घेतला, आणि बुच्ची, तू लिहिलं होतंस तसंच झालं. हात तोंडाशी गेला आणि थांबला. मी तो पहिल्यांदा पाहिला. भौजींनी दाराकडे पाहिलं, काकी आली का म्हणून.

पीसी चिरता चिरता म्हणाली, “थांबलीस का?”

“मीठ बघायचंय.”

“मग बघ.”

“दाइ, मी...”

“माझ्याकडे काय बघतेस? मी काय रस आहे?” पीसीनं विळी मिटली. “मला कोणी म्हटलं नाही, बघ म्हणून. म्हटलं असतं तर मी चाखलं असतं की नसतं, देवाला ठाऊक. हट्टी होते मी. पण कोणी म्हटलं नाही. तुला मी म्हणते आहे. चाख.”

भौजींनी तळहात ओठांना लावला. डोळे मिटले. मग म्हणाल्या, “कमी आहे,” आणि डब्यातून चिमूटभर मीठ घेऊन बोटांनी भुरभुरवलं. पुन्हा थेंब घेतला, पुन्हा चाखला, आणि मान हलवली. झाल्यावर पळी पीसीकडे वळवली.

पीसी हसली. “नको ग बाई. या वयात मोहरीचा ठसका लागायचा. तू बघितलंस ना, पुरे.” आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “मोदू, पोरीला लिही. काटे काढताना बोटं चाटावीशी वाटायची. म्हणून तर धावत घाटावर जायचे. आणि लिही की तिला भरवताना चाटल्यासारखंच वाटायचं. दोन्ही लिही. एक लिहून एक गाळशील, तुझी सवयच आहे ती.”

दोन्ही लिहिलं आहे.

भौजींनी मला ताट वाढलं. स्वतः पीसीबरोबर पडवळच जेवणार होत्या. पुढे कधी मासा खातील की नाही, त्या जाणोत. मी विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही. पहिला घास घेतला, आणि माझा असा काही आवाज निघाला की काकी ओल्या केसांनी धावत आली, काटा लागला की काय म्हणून. मी उठलो.

“कुठे निघालात, बौआ?” भौजी म्हणाल्या.

“तळ्यावर. पाय धुऊन येतो.”

“काही नको. या घरात आता कोणी पाय धुवायला जायचं नाही. बसा. काय बोलायचं ते बसून बोला.”

“बोलता येत नाहीये, भौजी.”

“मग जेवा. रडत रडतही जेवता येतं.”

मी बसलो, जेवलो. बुच्ची, मीठ अगदी बरोबर होतं. शेवटी शेवटी किंचित जास्त लागलं, पण त्यात भौजींच्या हाताचा दोष नव्हता.

तुझा
मोदनाथ कक्का